आधी ओटा, मग पडदा

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. तेव्हापासून पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी, वडसा, नागभीड या आमच्या पट्ट्यातही ‘आपल्या पोरांनी गेम बनवायला पाहिजेत’ असं कानावर येतं. म्हणणं चांगलं आहे आणि मला ते मनापासून पटतं. पण तसं म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लगेच कॉम्प्युटरची लॅब उभी राहते, शहरातून आलेला प्रशिक्षक आणि काही महिन्यांचा कोर्स. सुरुवात तिथून करू नये असं माझं ठाम मत आहे. वाचनालयाच्या ओट्यावर किंवा शाळेच्या व्हरांड्यात चार-पाच पोरं कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसली आणि त्यांच्यात एक जण गोष्ट चालवणारा असला, की गेम बनवण्याचं शिक्षण तिथेच सुरू होतं. आज जगात ज्या व्हिडिओ गेमची नावं आदराने घेतली जातात, त्यांतले कितीतरी असेच बैठकीत जन्मले आणि नंतर पडद्यावर गेले.

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला ‘बाल्डर्स गेट ३’ घ्या. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा हा खेळ त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम ठरला. त्याच्या नियमांचा पाया मात्र लॅरियनचा नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत तीन लहान पुस्तिका एका खोक्यात घालून विकायला काढल्या, त्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा तो पाया. या खेळात एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो आणि बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की नाही याची शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राची ताकद किंवा हुशारी मिळवायची आणि ठरलेला आकडा गाठला की जमलं. पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं. खेळ सगळा बोलण्यात.

ही रीत लष्करातून आली. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावरचा युद्धखेळ बसवला. त्यात फासे होते, नुकसानीचे तक्ते होते आणि निकाल देणारा पंच होता. पुढे नियम इतके वाढले की खेळ चालवणंच अवघड झालं. तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने उलट सुचवलं: तक्ते बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाला आपल्या अकलेने निकाल देऊ द्या. नियम मोठा की पंचाची समज मोठी, हा वाद तेव्हापासून या खेळांच्या पोटात आहे. अमेरिकेत डेव्ह वेस्ली यांनी १९६९ साली एक युद्धखेळ मांडला आणि बऱ्याच खेळाडूंना सैन्याच्या तुकडीऐवजी गावातल्या एकेका माणसाची भूमिका दिली. लोक टेबल सोडून कोपऱ्यात जाऊन आपसात कट रचू लागले. वेस्लींना वाटलं डाव फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा खेळूया म्हणून गळ घातली. त्या मंडळींत आर्नेसन होते.

कॉम्प्युटर आला आणि त्याने यातलं नेमकं काय उचललं हे बघण्यासारखं आहे. त्याने हिशेब उचलला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या कॉम्प्युटर यंत्रणेवर १९७५ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी असे पहिले खेळ लिहिले, तेव्हा तळघरं आणि राक्षस आले, सूत्रधार आला नाही. १९८८ च्या ‘पूल ऑफ रेडियन्स’ या कॉम्प्युटर गेममध्ये तर गोष्टीचा मजकूर डिस्कवर मावत नव्हता. सोबत छापील पुस्तिका यायची आणि पडद्यावर परिच्छेदाचा क्रमांक दिसला की ती उघडून वाचायची. १९९८ च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’पर्यंत सगळी आकडेमोड पडद्यामागे गेली आणि खेळणाऱ्याला ती करावीच लागेना.

यात फायदा मोठा होता आणि तो मी नाकारत नाही. बैठकीला चार मित्र आणि एक मोकळी रात्र लागते. यंत्राला यातलं काहीच लागत नाही. ते थकत नाही, कोणाला झुकतं माप देत नाही आणि घरात एकट्या असलेल्या मुलीलाही पूर्ण डाव देतं. हा शेवटचा मुद्दा आमच्याकडे फार खरा आहे, त्याच्याकडे मी पुढे येतो.

गमावलं ते असं. बैठकीत सूत्रधार विचारतो, ‘आता काय करतोस?’ आणि खेळाडू काहीही म्हणू शकतो. यंत्र विचारतं तेव्हा खाली तीन-चार उत्तरं आधीच लिहिलेली असतात. हे अंतर मिटवायला चांगल्या लोकांनी आयुष्यं घातली आहेत. २००२ च्या ‘नेव्हरविंटर नाइट्स’मध्ये बायोवेअर या कंपनीने जिवंत सूत्रधाराला पडद्यामागे बसायची सोय करून दिली आणि स्वतःचे डाव रचायची हत्यारंही दिली. लॅरियनच्या खेळात खोकी रचून भिंत चढता येते, तेल सांडून आग लावता येते, शत्रूला बोलण्यात गुंतवता येतं. हे सगळं थक्क करणारं आहे. तरीही त्यातली प्रत्येक वाट कोणीतरी आधी बसून मोकळी करून ठेवलेली असते. आता बोलणारी यंत्रं आली आहेत आणि तीच सूत्रधार होतील असं काही जण म्हणतात. समोरच्या पोराचं गाव, त्याची भीती आणि आजच्या मोहफुलांचा भाव ठाऊक असलेला माणूस जो निकाल देईल, तो त्या यंत्राकडून येईल असं मला वाटत नाही.

हे तोंडी सांगून कळत नाही, म्हणून आमच्या वाचनालयातला एक प्रसंग सांगतो. उन्हाळ्यात आम्ही मोहाचा डाव खेळलो. मोहफुलं रात्री उशिरापासून गळायला लागतात, म्हणून माणसं अंधारातच जंगलात जातात, आणि आमच्या भागात वाघाशी गाठ पडते ती बरेचदा अशाच वेळी. नववीतली एक मुलगी सूत्रधार होती. झाडाखालचा पालापाचोळा जाळायचा की झाडून काढायचा, हा तिने टाकलेला पहिला पेच. जाळला तर फुलं पटकन वेचता येतात, पण वणवा लागला तर सगळं गाव त्यात येतं. पोरांनी झाडायचं ठरवलं आणि त्यात वेळ गेला. थोड्या वेळाने तिने पळसाच्या झुडपामागे वाघ उभा केला. एका मुलाला विचारलं, काय करतोस? तो म्हणाला, “मी इथंच उभा रायतो. टोपली दोनी हातानं डोक्यावर धरतो, मंग मी वाघाले मोठा दिसन.”

असा काही नियम आमच्या कागदावर नव्हता. ती क्षणभर थांबली आणि तिने विचारलं, “टोपली भरली हाये का खाली?” भरली हाये, तो म्हणाला. “मंग मोह सांडन.” पोरगा गप्प झाला. सकाळभराची कमाई ती. मग म्हणाला, “सांडू दे.” फासा पडला, मध्यम दान आलं. तिने निकाल दिला: वाघ पुढे आला नाही, पण हललाही नाही. सगळ्यांनी पाठ न दाखवता मागे सरकायचं आणि सांडलेला मोह तिथेच सोडायचा. वाघ एवढ्यात संपला. त्यानंतर कितीतरी वेळ वाद चालला तो यावर, की ज्याची टोपली सांडली त्याला बाकीच्यांनी आपल्यातला वाटा द्यायचा की नाही. टोपली सांडल्यामुळे सगळे वाचले, असं एकाचं म्हणणं. त्याला कोणी सांगितलं होतं, असं दुसऱ्याचं. तो वाद मी लिहून दिला नव्हता, आणि जगातल्या कुठल्याही स्टुडिओने तो आधी लिहून ठेवला नसता.

आता कोणी म्हणेल, ही तर नाटकाची हौस झाली, गेमचा याच्याशी काय संबंध? संबंध असा, की त्या मुलीने त्या दोन मिनिटांत जे केलं ते गेम डिझायनरचं रोजचं काम आहे. खेळाडूने अनपेक्षित काही केलं तर त्याला काय किंमत मोजावी लागेल, नशिबाचा वाटा किती, हरला तरी गोष्ट पुढे कशी जाईल. कोडिंग हे त्यानंतरचं काम. ते शिकवणारे तालुक्याला मिळतील, ऑनलाइनही मिळतील. हे पहिलं काम शिकवणारी शाळा मी आमच्या भागात पाहिलेली नाही. आमची माणसं मात्र याच्या जवळ राहतात. दिवाळीनंतर वडशाहून निघालेल्या नाटक कंपन्या झाडीपट्टीभर फिरतात, गावोगावी रात्रभर नाटक रंगतं. दंडार आणि खडी गंमत ही इकडची लोकनाट्यं बघत मोठं झालेलं पोर, समोरच्याने टाकलेला शब्द झेलून पुढे कसा न्यायचा हे बघतच वाढलेलं असतं.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार एस्टोनियाचा आहे. तिथे ताल्लिनमध्ये काही दोस्त मंडळी वर्षानुवर्षं स्वतः रचलेल्या नियमांवर, स्वतः रचलेल्या जगात असे डाव खेळत होती. त्यांच्यातल्या रॉबर्ट कुर्विट्झ यांनी २०१३ मध्ये त्याच जगावर एस्टोनियन भाषेत कादंबरी लिहिली. ती फारशी खपली नाही. २०१९ मध्ये त्याच जगातून ‘डिस्को इलिझियम’ हा व्हिडिओ गेम आला आणि जगाने तो डोक्यावर घेतला. त्यात लढाई जवळजवळ नाही. एक पोलीस अधिकारी खुनाचा तपास करतो आणि त्याची चोवीस कौशल्यं त्याच्याच डोक्यात बोलत राहतात. दोन साधे सहा बाजूंचे फासे आणि कौशल्याचा आकडा यांवर बरेचसे निकाल लागतात. डाव फसला तरी गोष्ट थांबत नाही, कधीकधी फसल्यावरच ती जास्त खोल जाते. यंत्राला सूत्रधाराची उणीव असते हे त्या लोकांना बैठकीतून ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ती शब्दांनी भरून काढली. एस्टोनियन बोलणारे जगात साधारण ११ लाख. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटींच्या वर होते.

उलट वाटेनेही हेच दिसतं. १९९७ चा ‘फॉलआऊट’ आधी स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या ‘गर्प्स’ या बैठकी नियमांवर बेतला जात होता. करार मोडला, तेव्हा बनवणाऱ्यांनी पात्राच्या सात गुणांची स्वतःची पद्धत उभी केली आणि खेळ तरला. बैठकीतल्या नियमांचं शहाणपण हाडीमाशी मुरलं होतं, म्हणूनच त्यांना ते जमलं.

खेड्यातल्या पोराच्या हातात आज काय आहे ते बघा. मोबाइल आहे, आणि त्यावर गोळीबाराचे खेळ. ‘बाल्डर्स गेट ३’ला साधारण १५० जीबी जागा लागते. रोज २ जीबीचा रिचार्ज असेल तर दुसरं काही न बघता अडीच महिने नुसतं डाउनलोड करावं लागेल, आणि तेवढं करून तो चालवायला लागणारा कॉम्प्युटर गावात नसतोच. त्यात एकही भारतीय भाषा नाही. मराठी माध्यमाच्या पोराला त्यातली गोष्ट समजणार नाही, आणि या खेळांत गोष्ट समजली नाही तर काही उरत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी ते जरूर खेळावेत, मीही खेळतो आणि मला ते प्रिय आहेत. पण गावाच्या धोरणाचा पाया अशा वस्तूवर उभा करता येत नाही.

पालकांची भीती वेगळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्याआधी रमीच्या ॲपवर पैसे घालवल्याच्या गोष्टी आमच्याकडे घराघरात बोलल्या जात. त्यामुळे गेम म्हणजे जुगार असं आईबापाच्या मनात पक्कं बसलं आहे आणि फासा दिसला की त्यांना द्यूत आठवतं. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या ऑनलाइन खेळांना वेगळं धरलं आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही. आमच्या डावात कोणी काही लावत नाही आणि कोणी काही जिंकूनही नेत नाही. पालकांना बोलवा, एक डाव बसून बघू द्या. मृग कोरडा गेला तर पेरणी पुन्हा करायची का, हा प्रश्न ज्यांनी दरवर्षी झेलला आहे, त्यांना फाशाचा अर्थ समजावून सांगायची गरज पडत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये सलग वाईट दान पडू नये म्हणून फासा हळूच सांभाळून घेणारी सोय आहे आणि हवी तर ती बंदही करता येते. आमच्या पोरांना मी ही सोय समजावून सांगितली तर त्यांनी ती नको म्हटलं.

फाशांचंच बोलायचं तर वीस बाजूंचा फासा तालुक्यालाही मिळत नाही. त्याची गरजही नाही. आम्ही चिंचोके वापरतो, घासून अर्धे केलेले, एक बाजू पांढरी आणि एक काळी. चार चिंचोके टाकले की सोळा प्रकारे पडू शकतात: चारही पांढरे एकदा, तीन पांढरे चारदा, दोन सहादा, एक चारदा आणि चारही काळे एकदा. म्हणजे मधलं दान बरेचदा येतं, टोकाचं क्वचित. वीस बाजूंच्या फाशात एक आणि वीस यांना दहा-अकराइतकीच संधी असते, त्यामुळे तिथे कसलेला माणूसही वरचेवर तोंडघशी पडतो. चिंचोक्यांत तसं होत नाही. चांगला वेचणारा बहुतेक वेळा चांगलंच वेचतो आणि अनर्थ कधीतरीच होतो. ‘डिस्को इलिझियम’चे दोन फासे असेच वागतात, सात सर्वांत जास्त वेळा, दोन आणि बारा सर्वांत कमी. प्रत्यक्ष चिंचोका दोन्ही बाजूंना सारखा पडतोच असंही नाही. मग पोरं तो शंभरदा टाकून नोंद करतात, आणि दहावीच्या पुस्तकातली संभाव्यता त्यांना आठवीतच कळते.

नियमांत काय मोलाचं धरायचं हेही आपण ठरवावं. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या सुरुवातीच्या नियमांत अनुभवाचे गुण मुख्यतः लुटून आणलेल्या खजिन्यावर मिळत. आमच्या मोहाच्या डावात सगळे परत घरी पोचले तरच गुण मिळतात. एवढा एक नियम बदलला आणि पोरांचं वागणं पार बदललं. जो आधी एकटाच पुढे धावत होता तो थांबून मागच्याला हाक मारू लागला. नियमाने वर्तन घडतं हे सांगणारी इतकी स्वस्त प्रयोगशाळा दुसरी नाही.

आता घरात एकट्या असलेल्या मुलीच्या मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप तोच आहे. बैठक गावात होते आणि गाव बैठकीत येतं. सूत्रधार नेहमी पाटलाचा पोरगा, बोलणारे नेहमी तेच दोघं, अंधार पडायच्या आत मुली घरी, एखाद्या पोराने ‘मी सरपंच’ म्हटलं की बाकीचे हसणार. यंत्र यांतलं काही करत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि आपोआप सुटणारा नाही. म्हणून बैठक दुपारी, शाळेतच व्हावी. सूत्रधार दर वेळी बदलावा आणि वर्षातल्या निम्म्या बैठका मुलींनीच चालवाव्यात. पहिल्या काही डावांत पात्रं चिठ्ठ्या टाकून वाटावीत, म्हणजे गुराख्याचं पात्र वकिलाच्या पोराला येईल आणि सरपंचाचं गुराख्याच्या पोरीला. आमच्याकडे चिठ्ठ्या सुरू झाल्यावर आधी कुरकुर झाली. पुढे, सरपंच झालेली मुलगी ग्रामसभा कशी चालवते हे बघायला मोठी माणसंही दाराशी उभी राहू लागली.

मागणी फार मोठी नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, वर्गवार अनुदान मिळणारी वाचनालयं गावोगावी आहेत. त्यांच्या खरेदीत पुस्तकांबरोबर अशा खेळांची नियमपुस्तकं बसू द्या. गेमिंगच्या धोरणातला लहानसा वाटा तालुक्याच्या पातळीवर अशा बैठकांना आणि त्यातून निघणाऱ्या कागदी खेळांना द्या. स्पर्धा घ्यायचीच तर ती कागदी खेळांची घ्या, वऱ्हाडीत, झाडीबोलीत, गोंडीत. त्यातला जो खेळ अनोळखी गावात, बनवणारा हजर नसताना नीट चालतो, तो निवडून प्रोग्रामरच्या हाती द्या. वडशाचं नाटक, मालगुजारी तलावाच्या पाण्याची वाटणी, कापसावरची बोंडअळी आणि कृषी केंद्राची उधारी, तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवरचा हिशेब, या सगळ्यांत डाव दडलेले आहेत.

ज्यांना स्वतःचे नियम रचण्याआधी तयार काही हवं असेल त्यांच्यासाठीही वाट मोकळी आहे. परवान्यावरून मोठा वाद झाल्यावर जानेवारी २०२३ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम तो खेळ काढणाऱ्या कंपनीने क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. ते मराठीत आणावेत, बदलावेत, छापून विकावेत, त्यावर व्हिडिओ गेम बनवावा, कोणाला विचारावं लागत नाही. मूळ कुणाचं ते नमूद करायचं आणि बदल केले असतील तर तसं सांगायचं, एवढीच अट आहे. मराठीच्या दोन-तीन शिक्षकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम हाती घेतलं, तर शाळा सुरू होईपर्यंत खेळण्यापुरता मसुदा तयार होईल. आमच्या वाचनालयात तो तपासून बघायला पोरं तयार आहेत.